ब्रश चांगला होता, सेल गेला होता

अमळनेरात सखाराम महाराजांच्या यात्रेचे दिवस होते, घरात पाहुणे, बोरी नदीच्या पात्रात पाळणे नि दुकानं लागलेली, आणि सकाळी साडेसहाला मोरीतून नानांचा आवाज आला, "हाई बंद पडनं रे भो." मी गेलो तर नाना डाव्या हातात दात घासायचा बॅटरीवरचा ब्रश धरून उभे, तोंडात फेस तसाच, आणि ब्रश हूं का चूं करत नव्हता. आदल्या रात्री चार्जिंगला लावला होता, म्हणजे चार्ज नव्हता असंही नाही. मी हातात घेऊन बटण दाबलं, दोन सेकंद घरघर झाली आणि पुन्हा शांत.

बाहेरच्या माणसाला वाटेल, एक ब्रश बंद पडला त्यात काय एवढं, दहा-वीस रुपयांचा साधा ब्रश घ्या आणि घासा दात. पण आमच्याकडे तसं नाहीये. २०२०च्या दिवाळीनंतर नानांना लकवा मारला, उजवी बाजू गेली, पाय पुढे बराच सुधारला पण उजव्या हाताचं मनगट आजही वळत नाही. डाव्या हाताने साधा ब्रश धरता येतो पण तो मागच्या दाढांपर्यंत फिरवता येत नाही, मग हिरड्या सुजल्या, रक्त यायला लागलं, तेव्हा दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं की बॅटरीवरचा ब्रश द्या यांना, फक्त दातावर टेकवून धरायचा, बाकी तो करतो. आईला ते काही पटलं नव्हतं. "दात घासाले बी आते मशीन लागस का?" असं ती तेव्हा म्हणाली होती, आणि तिचंही चूक नाही, आमच्या घरात निंबाच्या काडीने नि राखुंडीने दात घासणारी माणसं ऐंशीपर्यंत जगली. पण नानांना ते मशीन मिळालं आणि ते मोरीचं दार लावून स्वतःचे दात स्वतः घासायला लागले. बाकी आंघोळीला मदत लागते, सदऱ्याची बटणं आई लावते, पण दात त्यांचे ते घासतात. म्हणून यात्रेच्या त्या सकाळी आई म्हणाली की आणा मी घासून देते, तर नानांनी तोंड फिरवलं. दोन दिवस नुसत्या मिठाच्या पाण्याने चुळा भरल्या. मला तेव्हा कळलं की आपण बॅटरीचे दिवस मोजतो ते नेमकं काय मोजतो.

पुढे या ब्रशांविषयी वाचताना एक गोष्ट सापडली आणि मला फार बरं वाटलं. विजेवरचा पहिला टूथब्रश स्वित्झर्लंडमध्ये १९५४ साली फिलिप-गी वूग नावाच्या डॉक्टरने काढला, ब्रॉक्सोडेंट त्याचं नाव, आणि तो सुरुवातीला काढला होता ज्यांचे हात नीट चालत नाहीत अशा रुग्णांसाठी आणि ज्यांच्या दातांना तारा आहेत त्यांच्यासाठी. म्हणजे नानांसारख्यांसाठीच. तो भिंतीतल्या विजेवर चालायचा, वायर लावलेला. विनावायरचा, आत चार्ज होणारा सेल असलेला ब्रश अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने १९६१च्या सुमारास आणला. म्हणजे आपली आजची सगळी डोकेदुखी, सेल किती टिकतो, पाणी आत जातं का, ही तिथून सुरू झाली.

आता आमच्या ब्रशची गोष्ट सांगतो, कारण त्यात जे जे चुकलं ते बहुतेक घरांत चुकत असणार.

सुरुवातीला आम्ही पेन्सिल सेलवाला घेतला होता, दोन सेल टाकायचे, संपले की बदलायचे. तो कामाचा आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही, अमळनेरात कुठल्याही किराणा दुकानात सेल मिळतो आणि लाईट असो नसो ब्रश चालतो. पण त्याचा जोर कमी, आणि सेल उतरत आला की आठवडाभर तो नुसता मलूल फिरत राहतो, नाना तसाच वापरत राहतात, कुणाला सांगत नाहीत. मग २०२१च्या शेवटी मामेभाऊ अमेरिकेतून आला तेव्हा त्याने चार्जिंगचा आणला, गोल डोक्याचा, चांगल्या कंपनीचा. पहिल्याच रात्री आम्ही अडॅप्टर पिन लावून चार्जर बोर्डात खोचला आणि पाच-दहा मिनिटांत जळकट वास. चार्जरच्या बुडाशी बारीक अक्षरात व्होल्टेज छापलेलं असतं ते कुणी वाचलंच नव्हतं, त्यावर ११० ते १३० होतं आणि आपल्याकडे २३०. पिन बदलणारा अडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही. नशीब की ब्रशला काही झालं नाही. परदेशातून कुणी आणत असेल तर आधी त्या बुडाशी १०० ते २४० लिहिलंय का बघा, नसेल तर त्याच मॉडेलला बसणारा इथला चार्जर घ्या, आम्ही शेवटी तोच घेतला.

हा चार्जर कसा चालतो ते मला आधी कळत नव्हतं, कारण ब्रशला कुठे धातूचा टोकाटोकाने जोड दिसत नाही, नुसत्या प्लास्टिकच्या खुंटीवर उभा करायचा. तर त्या खुंटीत तांब्याच्या तारेची एक कॉइल असते आणि ब्रशच्या बुडात दुसरी, मध्ये प्लास्टिक. ट्रान्सफॉर्मरसारखंच, पहिलीतल्या प्रवाहाने चुंबकीय क्षेत्र बदलत राहतं आणि दुसरीत वीज तयार होते. ओल्या जागेसाठी हे फार चांगलं, कारण कुठेच उघडी तार नाही. पण हे सावकाश चालतं. आमच्या ब्रशच्या पुस्तिकेत पूर्ण रिकाम्यापासून १६ तास लिहिलेत. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट किती वेळा जाते ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको, म्हणजे रात्री लावला आणि मध्ये तीन तास लाईट गेली की सकाळी अर्धवटच, आणि याला किती चार्ज झाला ते दाखवणारा दिवाही नाही.

बरं, खोक्यावर दिवस लिहिलेले असतात, एका चार्जिंगमध्ये सात दिवस, दहा दिवस, काहींवर तीन आठवडे. ते कसे मोजलेले असतात तर एक माणूस, दिवसातून दोनदा, दर वेळी दोन मिनिटं. म्हणजे दिवसाला चार मिनिटं. दहा दिवस लिहिलं असेल तर प्रत्यक्षात कंपनी तुम्हाला ४० मिनिटं देते. नानांचा डावा हात सावकाश चालतो, त्यांना तीन मिनिटं लागतात, म्हणजे दिवसाला सहा, मग ४० मिनिटं साडेसहा दिवसांतच संपणार. यात ब्रशचा दोष नाही. मी आधी उगाच कंपनीला बोल लावत होतो. तसंच जोरात दाबून घासलं की मोटरला जास्त करंट लागतो, तेव्हाही दिवस कमी होतात, आणि हिरड्यांनाही ते वाईटच. एकाच दांड्यावर नवरा-बायको वेगवेगळी डोकी लावून वापरत असतील तर दिवस अर्धे धरायचे. म्हणून दिवसांवर जाऊ नका, मिनिटं मोजा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या दिवशी चार्जिंगला लावला त्या तारखेवर पेनने टिंब करायला लागलो आणि दोन टिंबांमधलं अंतर बघायला लागलो. हे आधीपासून केलं असतं तर यात्रेतली ती सकाळ आलीच नसती, कारण नंतर आठवून बघितलं तर होळीपासूनच तो चार-चार, मग दोन-दोन दिवसांनी चार्जिंगला लागत होता आणि आम्हाला कुणालाच ते जाणवलं नाही.

मग प्रश्न पडला की गेला का. आत निकेल-मेटल हायड्राइड सेल होता, हा १.२ व्होल्टचा असतो, असा सेल साधारण ५०० वेळा चार्ज होऊ शकतो असं धरतात. आठवड्याला एकदा म्हणजे वर्षाला ५२. ५०० भागिले ५२, साडेनऊ वर्षं यायला पाहिजेत. आमचा साडेतीन वर्षांत गेला. म्हणजे सेल वापरून संपला नव्हता, त्याला दुसऱ्याच कशाने मारलं होतं.

एक तर ऊन. आमची मोरी वरच्या मजल्यावर, पत्र्याची, आणि चार्जर पश्चिमेच्या खिडकीत. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात ४५च्या वर पारा जातो, आमच्याकडेही फार मागे नसतो, आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. कुठलाही सेल उष्णतेत लवकर म्हातारा होतो, आतली रसायनं एकमेकांना जास्त वेगाने खातात. शिवाय हा निकेलवाला सेल गरम असताना चार्जिंग नीट घेतच नाही, वीज जाते ती नुसती उष्णता होऊन बाहेर पडते. मला दरवर्षी उन्हाळ्यात वाटायचं की ब्रश लवकर उतरतोय, ते बरोबर होतं. आता चार्जर खाली आणलाय, देवघराशेजारच्या कोनाड्यात, तिथे दुपारीही गारवा असतो, आणि मे-जूनमध्ये चार्जिंग फक्त रात्री.

दुसरं म्हणजे सुरत. अर्ध्या खानदेशाचं कुणी ना कुणी सुरतेला असतंच, आमची ताई उधन्याला राहते. २०२४च्या उन्हाळ्यात नाना तिच्याकडे तीन महिने होते आणि जाताना तो पेन्सिल सेलवाला ब्रश नेला, चार्जर कुठे सांभाळायचा म्हणून. चार्जिंगवाला इथे कपाटात पडून, तोही अर्धा उतरलेला. हा सेल न वापरताही आपोआप उतरतो, महिन्याला वीस-तीस टक्केसुद्धा, आणि गरमीत त्याहून वेगाने. तो पूर्ण रिकामा होऊन महिनाभर तसाच पडला असणार, आणि पूर्ण रिकाम्या अवस्थेत पडून राहणं हे अशा सेलला फार वाईट. लिथियमवाला असता तर त्याचा आपोआप उतार फार कमी असतो, महिन्याला दोन-तीन टक्के, तो तगला असता. ठेवताना लिथियमवाला अर्धा चार्ज करून ठेवायचा, निकेलवाला मात्र पूर्ण, कारण तो पडल्या पडल्या उतरतो.

या दोन सेलांतला फरक वापरतानाही कळतो. निकेलवाला हळूहळू मंदावतो, आवाज खाली येतो, माणसाला सूचना मिळते. लिथियमवाला शेवटच्या मिनिटापर्यंत जोरात आणि मग एकदम बंद, त्यात दिवा लुकलुकतो तेवढीच सूचना. जुन्या पुस्तिकांत लिहिलेलं असतं की सहा महिन्यांतून एकदा पूर्ण उतरू द्या, ते निकेलच्या सेलसाठी आहे, लिथियमला मुद्दाम शून्यावर नेऊ नका.

तिसरं पाणी. हे मला ब्रश उघडल्यावर कळलं.

उघडायला आधी कुणी तयार नव्हतं. कंपनीच्या नंबरवर फोन केला तर त्यांनी सांगितलं की हा दुरुस्त होत नाही, नवीनवर सूट देतो. मी जळगावला अप-डाऊन करतो, तिथे मोबाईलवाल्या दोन-तीन दुकानांत दाखवला, पोरांनी हातात घेऊन फिरवून बघितलं आणि परत दिला, दादा हे सील आहे, नवीन घ्या. मला नवीन घ्यायला हरकत नव्हती, पण मोटर ठणठणीत, दांडा ठणठणीत, एक बोटभर सेल गेला म्हणून अख्खी वस्तू फेकायची हे मनाला पटत नव्हतं. शेवटी आमच्या गल्लीच्या तोंडाशी रेडिओ-टीव्हीवाले काका आहेत, आता टीव्ही कुणी दुरुस्त करत नाही म्हणून मिक्सर, टॉर्च, फवारणी पंपाच्या बॅटऱ्या करतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बुडाची खाच बघितली, नाणं घातलं, पाव फेरा फिरवला आणि बूड हातात. आतला सगळा सांगाडा मग सरकून बाहेर आला. मी बघतच राहिलो, इतकं सोपं.

आत वरच्या बाजूला, जिथून धातूची दांडी बाहेर येते, तिथे पेस्ट वाळून पांढरी ढेकळं झाली होती आणि सेलच्या एका टोकाला हिरवट गंज. काकांनी त्या दांडीभोवतीचं रबर दाखवलं, ते कडक झालं होतं. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, मोरीत बोअरचंच पाणी, जड, बादलीला पांढरे थर बसतात तसेच ते दांडीवर बसतात, आणि दांडी थरथरली की ते खरखरीत थर रबर घासत राहतात. एकदा रबर गेलं की फेस आत उतरतो. खोक्यावर आयपीएक्स ७ लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल, पण ती चाचणी नव्या ब्रशवर साध्या पाण्यात होते, तीन वर्षं बोअरच्या पाण्यात वापरलेल्यावर नाही. ज्यांचा ब्रश रात्री आपोआप सुरू होतो त्यांनीही हेच समजा, बटणाच्या मागे ओल पोचलीय.

काकांनी मीटर लावला, सेल ०.४ व्होल्ट दाखवत होता. त्याच लांबी-जाडीचा, निकेलवालाच, दोन्ही टोकांना पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेला सेल मी ऑनलाईन मागवला, अडीचशेच्या आसपास पडला. पट्टीवाला का, तर सेलच्या अंगावर थेट सोल्डर मारला की उष्णतेने आतलं सील जातं. आणि काकांनी एक गोष्ट तीनदा बजावली, की १.२ व्होल्टच्या जागी ३.७चा लिथियम सेल जास्त ताकदीचा म्हणून टाकायचा नाही, चार्जिंगचं सर्किट वेगळं असतं, पेट घेईल. ज्यांच्या ब्रशमध्ये मुळात लिथियम आहे त्यांनी घरी स्क्रू ड्रायव्हरने उचकटूच नका, टोचला तर जळतो. आमचा सेल बदलून, बुडाच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावून, दांडीभोवतीही ग्रीस भरून काकांनी तासाभरात परत दिला. शंभर रुपये घेतले. उघडल्यावर पहिल्यासारखी पाण्याची खात्री राहत नाही हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं, म्हणून आता आम्ही तो धारेखाली धरत नाही. घासून झालं की डोकं काढायचं, डोकं वेगळं धुवायचं, दांडी ओल्या फडक्याने पुसून मग कोरडी करायची, दोन्ही वेगवेगळं ठेवायचं. आठवड्याला एकदा मी लिंबाची फोड दांडीवर फिरवतो आणि लगेच पुसून काढतो, थर निघतो. डोकं दर तीन महिन्यांनी नवं, त्याची तारीखही कॅलेंडरवरच.

मला खरा राग आहे तो या वस्तू बंद करून विकतात त्याचा. पेन्सिल सेलवाल्या ब्रशमध्ये माणूस स्वतः सेल बदलतो आणि त्याच्या चौपट किमतीच्या ब्रशमध्ये नाही, हे कसं? पाणी आत जाऊ नये म्हणून, असं उत्तर मिळतं आणि ते पूर्ण खोटं नाही. युरोपात २०२३ साली बॅटऱ्यांचा नवा कायदा झाला, त्यात २०२७च्या फेब्रुवारीपासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता आली पाहिजे असं आहे, पण पाण्यात वापरायच्या वस्तूंना सवलत दिलीय, त्यांची बॅटरी स्वतंत्र कारागिराला बदलता आली तरी पुरे. मला तर तेवढंही चालेल. आमच्या काकांसारख्या माणसाला उघडता यावा आणि सेल बाजारात मिळावा, बस.

कुणी विचारतं की एवढा खटाटोप करण्याइतका फायदा आहे का या ब्रशचा. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे, तिचा २०१४चा आढावा आहे, ५६ चाचण्या एकत्र करून केलेला, त्यात साध्या ब्रशपेक्षा विजेच्या ब्रशने दातावरचा थर तीन महिन्यांनंतर २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी दिसली. धडधाकट हाताच्या माणसाला हा फरक माफक आहे, साध्या ब्रशने नीट दोन मिनिटं घासलं तरी भागतं आणि मी स्वतः साधाच वापरतो. ज्याचं मनगट वळत नाही, संधिवात आहे, हात कापतो, त्याच्यासाठी मात्र प्रश्न टक्क्यांचा नाहीच.

आत्ता कुणी वडीलधाऱ्यांसाठी घेत असेल तर माझं मत, लिथियम सेलवाला बघा, कॉइलवर चार्ज होणारा बघा, चार्जिंगचं भोक असलेला नको, त्या भोकाची रबरी टोपी म्हाताऱ्या माणसाकडून उघडीच राहते आणि पाणी तिथूनच जातं. प्रवासाला तो भोकवाला चांगला, मोबाईलचा चार्जर चालतो. बटण मोठं हवं, टणक नको, नानांना अंगठ्याने दाबता आलं पाहिजे. डोकी आपल्या गावात किंवा निदान जळगाव-धुळ्याला मिळतात का ते ब्रश घेण्याआधी विचारा. आणि दहा दिवसांच्या त्या ४० मिनिटांना आपल्या माणसाच्या रोजच्या मिनिटांनी भागा. त्यातही पेन्सिल सेलवाला एक घरात राहूच द्या, आमच्याकडे तो आता कपाटात सेल काढून ठेवलेला असतो, सेल आत ठेवला की पाझरतो.

नव्या सेलवर ब्रश पहिल्यांदा लावला त्या दिवशी नानांनी मोरीतून बाहेर येऊन जीभ दातांवरून फिरवली आणि मला म्हणाले, "बेस शे." दुसऱ्या आठवड्यापासून कॅलेंडरवरचं टिंब ते स्वतः करायला लागले, डाव्या हाताने, त्यामुळे ते टिंब नसतं, वाकडी रेघ असते, कधी शेजारच्या तारखेत जाते. रेघांमध्ये सध्या सात-सात दिवसांचं अंतर आहे. जुना सेल मी दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून एका डबीत ठेवलाय, कचऱ्याच्या गाडीत टाकायचा नाही म्हणून, त्यात घरातले मेलेले मोबाईलचे दोन आणि टॉर्चचा एक असे आणखी तीन आहेत, ई-कचरा घेणाऱ्याकडे एकदमच नेणार आहे.